नाव माहीत नसताना शोधायचं काय?

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,

मी कोपरखैरण्याला राहते. वय अठ्ठेचाळीस. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तशी सकाळ मोकळी झाली आणि खाडीच्या बाजूला फिरता फिरता पक्षी बघायचा नाद लागला. ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षी बघणाऱ्यांचा एक गट दर रविवारी कुठेतरी जमतो, त्यांच्यात जायला लागले. माणसं जाणकार आहेत. एका रविवारी मी तिथल्या एका ज्येष्ठांना विचारलं, “आमच्याकडे नाल्याच्या कडेला एक मातकट, रेघारेघांचा पक्षी बसतो आणि उडाला की एकदम पांढरा दिसतो. तो कोणता?” ते म्हणाले, “ताई, हातात मोबाइल आहे ना? गूगलवर बघा की. रोज नवीन माणूस आणि रोज तेच प्रश्न.”

घरी येऊन रात्री जागून शोधलं. इंग्रजीत वर्णन टाकलं, फोटो जुळवून बघितले आणि ‘अमेरिकन बिटर्न’ असं ठरवून वहीत लिहिलं. पुढच्या वेळी ते नाव मी बोलले तर दोघं-तिघं हसले. बरोबर काय ते मात्र कोणी सांगितलं नाही. मुलगी म्हणते, “आई, सगळं नेटवर असतं, लोकांच्या विनवण्या कशाला करतेस?” पण नेटवर बघून माझा गोंधळ वाढतोच. विचारावं की आपलं आपण शोधावं? आणि विचारायचं तर कसं, म्हणजे समोरच्याला त्रास होणार नाही? मागचे काही रविवार मी गेलेही नाही.

एक नवशिकी, कोपरखैरणे

सप्रेम नमस्कार,

आधी पक्ष्याचं सांगते, कारण ते तुम्हाला त्याच रविवारी कळायला हवं होतं. तो वंचक आहे. इंग्रजीत पाँड हेरॉन. बसलेला असताना पाठ मातकट, मानेवर आणि छातीवर उभ्या रेघा, मान आखडून खांद्यांत घेतलेली. नाल्याच्या कडेला, डबक्यात, तलावाच्या पायरीवर तो तासन्‌तास तसाच बसतो. आपण अगदी जवळ जाईपर्यंत जागचा हलत नाही. पंख मिटलेले असले की वरच्या तपकिरी पिसांखाली सगळा पांढरा रंग झाकला जातो, आणि उडाला की पंख आणि शेपटी पांढरीशुभ्र उघडते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला बघाल तर पाठ गर्द मरून झालेली असेल आणि डोकं-मान पिवळसर. तो त्याचा विणीच्या हंगामातला वेष. तेव्हा हाच पक्षी तुम्हाला पुन्हा अनोळखी वाटेल, त्याची आत्ताच कल्पना असू द्या.

अमेरिकन बिटर्न बगळ्यांच्याच कुळातला. त्याच्याही अंगावर तपकिरी रेघा, तोही पाणथळीच्या कडेला दबून बसतो. पण तो उत्तर अमेरिकेतला पक्षी आहे, आपल्या नाल्यावर यायचा नाही. आणि तो उडाला तरी पांढरा होत नाही. ‘उडाला की एकदम पांढरा’ ही खूण तुम्ही स्वतः टिपली होती, तीही नवशिक्या डोळ्यांनी. त्या एका वाक्यात पक्ष्याची ओळख होती. समोर उभ्या असलेल्या जाणकाराला एका शब्दात उत्तर देता आलं असतं. म्हणून माझं मत स्पष्टच सांगते: तुमचा प्रश्न विचारण्याजोगा होता आणि ज्यांना विचारलात तेही योग्य होते. उत्तर मात्र त्या प्रश्नाला साजेसं मिळालं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. शोधायचं कधी आणि विचारायचं कधी, हे ठरवण्याची माझी एकच कसोटी आहे. आपल्याजवळ नाव आहे का?

नाव असेल तर नेटसारखा मदतनीस नाही. ‘वंचक’ किंवा ‘इंडियन पाँड हेरॉन’ एवढं टाका. तो काय खातो, घरटं कुठे बांधतो, अंडी कधी घालतो, देशात कुठे कुठे आढळतो, आवाज कसा, नर-मादी वेगळी दिसतात का, सगळं समोर येईल. हे असले प्रश्न रविवारी सकाळी, दुर्बिणी डोळ्यांना लागलेल्या असताना, कोणाला विचारू नयेत असं मलाही वाटतं. ते घरी बसून वाचायचे आणि मन लावून वाचायचे. वाचलेलं दुसऱ्या दिवशी नाल्यावर जाऊन पडताळून बघायचं.

पण पक्षी बघायला लागलेल्या माणसाजवळ नावच नसतं. त्याच्याजवळ असतो एक रंग, एक अंदाजे आकार आणि क्षणभर दिसलेली एखादी हालचाल. एवढ्यावर शोधायला बसलं की काय होतं, ते तुम्ही रात्रभर अनुभवलंत. त्यात तुमचं काही चुकलं नाही. इंग्रजीत वर्णन टाकलं की पुढे येणारी बरीचशी पानं अमेरिका-इंग्लंडातल्या लोकांनी त्यांच्याकडच्या पक्ष्यांवर लिहिलेली असतात. ‘पाण्याजवळचा तपकिरी रेघांचा पक्षी’ असं विचारलं की तिकडचा बिटर्न समोर येतो, कोपरखैरण्याच्या नाल्यावरचा वंचक मागे कुठेतरी राहतो. दुसरी अडचण फोटोंची. नेटवरचे सुंदर फोटो बहुतेक वेळा भर हंगामातल्या, पूर्ण वाढलेल्या नराचे असतात. मादी, पिल्लं आणि हिवाळ्यातला फिका वेष क्वचितच समोर येतो. कोकीळ म्हटलं की काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी दिसतो. मादी अंगभर पांढरे ठिपके असलेली तपकिरी असते आणि आपल्या इमारतींच्या आवारात ती फळं खाताना नेहमी दिसते. तिला बघून ‘हा कुठला नवीन पक्षी’ म्हणून कितीतरी माणसं गोंधळात पडतात.

खाडीवर तर ही अडचण फार वाढते. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चिखलपक्षी आपल्याकडे असतात तेव्हा बहुतेक सगळे राखाडी-तपकिरी आणि पोटाला पांढरे. चोच केवढी, ती सरळ की खाली वाकलेली की वर वळलेली, पाय कोणत्या रंगाचे, खाताना चोच चिखलात खोल खुपसतो की वरवर टिपतो, अशा गोष्टींवर ओळख ठरते. यातलं नेमकं काय बघायचं हेच माहीत नसेल तर शोधात ते टाकणार कसं?

इथे माणूस लागतो. चांगला जाणकार उत्तर देण्याआधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. डॉक्टर जसे औषध लिहिण्याआधी कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं, असं विचारत जातात, तसंच हे. “शेपटी हलवत होता का? चालत होता की टुणटुण उड्या मारत होता? एकटा की थवा? साळुंकीपेक्षा मोठा की लहान?” या चार प्रश्नांत तुमचा पक्षी तर सापडतोच, शिवाय पुढच्या वेळी काय बघायचं तेही कळतं. मला या छंदात माणसांचं मोल वाटतं ते यासाठी. उत्तर काय, नेटवरही सापडलं असतं कधीतरी. आपला प्रश्न सुधारून देणारं कोणी तिथे भेटत नाही.

तुम्ही म्हणाल, हल्ली ॲप आहेत. आहेत, आणि मी ती वापरायला आवर्जून सांगते. मर्लिन नावाचं ॲप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, आपल्याकडच्या पक्ष्यांची माहितीही त्यात आहे. ते ठिकाण, तारीख, आकार, रंग आणि पक्षी काय करत होता असे मोजके प्रश्न विचारतं आणि त्या भागात त्या दिवसांत दिसू शकणाऱ्या पक्ष्यांची यादी पुढे ठेवतं. तुम्ही त्या रात्री याच्याकडे गेला असतात तर अमेरिकन बिटर्न यादीत आलाच नसता. त्याच संस्थेच्या ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून कोणत्या महिन्यात कोणता पक्षी किती वेळा नोंदला गेलाय ते पट्ट्यांमध्ये बघता येतं. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची आपली नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, तेव्हा ठाणे जिल्हा निवडायचा. नाव मनात आलं की ते वहीत पक्कं करण्याआधी दोनच गोष्टी तपासायची सवय लावून घ्या: हा पक्षी इथे येतो का आणि या महिन्यात येतो का. एवढ्यानेच बऱ्याच चुका जागच्या जागी थांबतात.

तरीही ॲपने दिलेलं नाव म्हणजे सुचवणी. फोटो धूसर असला, पक्षी अर्धा झाकलेला असला तरी ते काहीतरी नाव देतंच. आवाजाचंही तसंच. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात भृंगराज आहे, शेपटीला दोन लांब तारा असलेला. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. ॲपला ऐकू येतो तो आवाज, झाडावर प्रत्यक्ष कोण बसलंय ते त्याला दिसत नाही. तेव्हा ॲपमध्ये आलेलं नाव घेऊन माणसाकडे जा. “मर्लिन अमुक म्हणतंय, पण मला तसा दिसला नाही” असं म्हणालात तर कोणताही जाणकार थांबून बघेल.

आता ज्या गोष्टी नेटवर आहेत पण नेटवरून नीट कळत नाहीत, त्यांबद्दल. यात सगळ्यात मोठी गोष्ट भरती-ओहोटीची आणि तुम्ही खाडीच्या कडेला राहता म्हणून ती सविस्तर सांगते.

ठाणे खाडीचा ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पट्टा 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हे सगळं एका शोधात मिळतं. रोहित ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात चरतात आणि भरतीचं पाणी चढलं की ती जागा सोडतात, हेही मिळेल. पण आज सकाळी मी सात वाजता जाऊ की दहाला, कुठे उभी राहू, ऊन डोळ्यांवर येईल की पाठीवर? भरती चढली की थवे नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला, टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय संकुल यांच्याजवळच्या पाणथळींवर, शाळेजवळच्या डीपीएस तलावावर विसाव्याला जातात. मग अशा वेळी तुम्ही ऐरोलीला खाडीकाठी उभ्या राहिलात तर समोर नुसतं पाणी. त्याच तासाला नेरूळला गेलात तर पक्षी रस्त्यापासून फार लांब नसतात. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ आणि पक्ष्यांची वागणूक यांची सांगड तिथे वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते.

भरतीची वेळ काढायचा आपल्याकडच्या कोळ्यांचा जुना हिशेब तुम्हाला माहीत आहे का? तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघितली की रविवारचा अंदाज चहा पिता पिता निघतो. तो अंदाज मुंबई किनाऱ्याचा. पाणी खाडीत वरपर्यंत चढायला आणखी थोडा वेळ घेतं, म्हणून ऐरोलीकडे भरती जराशी मागे असते. किती मागे, हे बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या किंवा ऐरोलीच्या कोळीबांधवांना विचारा. ते रोज त्या पाण्यावर असतात, त्यांच्याइतकं खात्रीचं कोणी सांगणार नाही. आणि त्यांना असं कोणी मनापासून विचारलं की किती आपुलकीने सांगतात, ते बघाल.

काही प्रश्न मात्र गटालाही विचारू नयेत आणि नेटवरही शोधत बसू नये. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित बघायला बोटीची फेरी असते. बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल, त्यामुळे फेरीची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलते. तिकीट किती, फेरी किती वाजता, आधी नोंदणी करावी लागते का, या गोष्टी कोणीतरी मागे कधी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून ठरवू नका. केंद्राला फोन करा. अशा प्रश्नांनीच गटातली जुनी माणसं कंटाळतात, आणि त्यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही.

यावरून त्या ज्येष्ठांविषयी. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्या जागी असलेली माणसं मी जवळून बघितली आहेत. रविवारची सकाळ त्यांनाही आठवड्यातून एकदाच मिळते. कोणी विचारतं, “काका, आज काय दिसणार?” कोणी गाडी कुठे लावायची ते विचारतं, कोणी दुर्बीण कोणती घेऊ ते विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आत फोटो काढायला पुढे निघून जातं. एकदा सांगितलेलं नाव तोच माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतो, कारण त्याने ते लिहून घेतलेलं नसतं. असं वर्षानुवर्षं झालं की चांगल्या माणसाच्याही तोंडून ‘गूगलवर बघा’ निघून जातं. तुमच्या वाट्याला आलं ते दुसऱ्या कोणाचं होतं. त्यांचं वाक्य बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. एखाद्या नवशिक्या बाईने खूण सांगून विचारलेला प्रश्न आणि गाडी कुठे लावायची हा प्रश्न यांतला फरक त्यांना दिसायला हवा होता. आणि चुकीचं नाव ऐकून हसणाऱ्यांनी तरी हसून झाल्यावर बरोबर नाव सांगायला हवं होतं. नवीन माणूस एकदा गप्प झाला की तो बघणंही कमी करतो, याची या मंडळींना जाणीव हवी.

तर विचारायचं कसं? तुम्ही ज्या पद्धतीने विचारलं होतंत ती मुळात चांगलीच होती, तिच्यात थोडी भर घालायची. जागा, वेळ, भरती की ओहोटी, आकार ओळखीच्या पक्ष्याच्या मापाने, काय करत होता आणि तुमचा स्वतःचा अंदाज. समजा तुम्ही असं विचारलंत: “शनिवारी सकाळी सातला घणसोलीच्या खाडीकाठी, ओहोटी असताना, चिखलात साळुंकीपेक्षा थोडा लहान पक्षी होता. वरून तपकिरी, खालून पांढरा. मागचा भाग सारखा वर-खाली हलवत होता. उडाला तो पाण्याला लागून, पंख ताठ धरून थरथरत गेला. मला तुतवार वाटतोय, पण धोबीसुद्धा शेपटी हलवतो म्हणून खात्री होत नाही.” या प्रश्नात तुम्ही काय बघितलं ते आहे, काय वाचलं ते आहे आणि कुठे अडलात तेही आहे. याला उत्तर येईल की धोबी अंगाने सडपातळ, शेपटी लांब आणि उडताना लाटेसारखा वर-खाली होत जातो, तेव्हा तुमचा तुतवारच. एवढ्या उत्तराला अर्धं मिनिटही लागत नाही आणि सांगणाऱ्यालाही सांगताना आनंद होतो. स्वतःचा अंदाज चुकला तरी तो सांगायचाच. ‘अमेरिकन बिटर्न’ म्हणालात तेव्हा सोबत ‘कारण रेघा तशाच होत्या’ एवढं जोडलं असतंत तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं, “रेघा बरोबर आहेत, पण पंख आठवा.”

फोटो धूसर असला तरी दाखवायला संकोच करू नका. पक्ष्याची ठेवण धूसर फोटोतही दिसते. फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर पक्षी मोठा करून दाखवा, आणि कधी-कुठे काढला ते सांगा.

एका बाबतीत गट तुम्हाला उत्तर देणार नाही आणि तेव्हा मनाला लावून घेऊ नका. घरटी आणि घुबडांच्या बसायच्या जागा. पावसाळ्यात पनवेलजवळच्या कर्नाळ्याला तिबोटी खंड्या विणीला येतो, येऊरकडच्या जंगलात नवरंग येतो. दोन्ही पक्षी इतके देखणे की घरट्याची जागा कळली की कॅमेरे घेऊन गर्दी होते, आणि गर्दीमुळे आई-बाप पिल्लांना भरवायला येऊ शकत नाहीत. त्यामुळे “घरटं नक्की कुठे आहे?” या प्रश्नावर जबाबदार माणूस विषय बदलतो. ई-बर्डसुद्धा काही संवेदनशील पक्ष्यांच्या जागा झाकून ठेवतं. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज लावू का, हाही प्रश्न विचारायचा नाही आणि आवाज लावायचाही नाही. तो आवाज ऐकून नर आपल्या हद्दीत दुसरा शिरला असं समजून विनाकारण धावाधाव करतो.

मुलीला माझा निरोप द्या की तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नेटवर पुष्कळ आहे, आणि ते तिथे आलं कुठून, तर कोणीतरी चिखलाच्या कडेला उभं राहून मोजलं, लिहिलं आणि पाठवलं म्हणून. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात हौशी माणसंच तळ्या-खाड्यांवर जाऊन मोजतात. 2024 मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं, तेव्हा ती गोष्ट लावून धरली ती परिसरातल्या नागरिकांनी आणि पक्षीप्रेमींनी. तळं नेहमी कसं दिसतं हे ज्याला ठाऊक असतं, त्यालाच ते बदललेलं दिसतं. तुम्ही त्या गटात जाता ते उद्या तुम्हीही अशांपैकी एक व्हाल म्हणून, यात विनवणी कसली? तुमच्या नाल्यावर वंचक आहे हे आत्ता त्या गटात तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? कोणत्या महिन्यात किती असतात, मरून पाठ कधी दिसायला लागते, हे वर्षभर लिहून ठेवलंत तर त्या ज्येष्ठांनाही तुम्हाला विचारावं लागेल.

येत्या रविवारी जा. सगळ्यांसमोर मोठ्याने विचारायची गरज नाही. गटात एखादी व्यक्ती अशी असतेच जी मागे रेंगाळत, शांतपणे बघत चालते. बहुधा तिच्या हातात वही असते. तिच्या बाजूने चाला. ती कुठे दुर्बीण लावते तिथे तुम्हीही लावा, आणि पक्षी समोर असताना विचारा. पक्षी उडून गेल्यावर विचारलेल्या प्रश्नाला निम्मंच उत्तर मिळतं. सांगितलेलं नाव तिथल्या तिथे वहीत लिहा, सोबत ओळखीची खूण लिहा, घरी जाऊन त्या नावावर वाचा, आणि वाचताना काही वेगळं सापडलं तर पुढच्या वेळी त्या व्यक्तीला आवर्जून सांगा. सांगणाऱ्याला यासारखी पोचपावती नाही.

पहिला प्रश्न काय न्यायचा तेही सुचवते. खाडीवर पांढरे बगळे ढिगाने दिसतील, त्यांच्यावर नजर ठेवा. गायबगळा लहानखुरा, पिवळ्या चोचीचा, गुरांच्या आणि कचऱ्याच्या आसपास जास्त. मोठा बगळा उंच, लांबलचक मानेला बाक असलेला. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पायाची बोटं पिवळी. ती चिखलाने माखलेली असली तर दिसत नाहीत, म्हणून तो पाण्यातून पाय उचलेपर्यंत थांबायचं. एवढं तुम्ही स्वतः बघून, वाचून जुळवू शकाल. पण आपल्या खाडीवर रीफ एग्रेट हा समुद्रकिनाऱ्यावरचा बगळाही असतो. त्याचा एक प्रकार गडद राखाडी, तो लगेच ओळखू येतो. दुसरा प्रकार पांढरा, आणि तो छोट्या बगळ्याच्या इतका जवळ जातो की अनुभवी माणसंसुद्धा चोचीची जाडी आणि रंग यांवर वाद घालतात. असा एखादा शंकास्पद बगळा समोर आला की त्या ज्येष्ठांपाशी जा आणि विचारा, “याची चोच मला जाड वाटते, तुम्हाला काय वाटतं?”